खुर्चीतलं खुर्चीत

दाताच्या दवाखान्यात किस्से फार साठतात. पेशंटच्या तोंडात आरसा, कापूस आणि सक्शनची नळी असते, त्यामुळे बोलायचं काम आमच्यावर येतं. आणि नळी बाहेर काढली, की पेशंट तुंबलेलं सगळं एका दमात बोलून मोकळा होतो. सासूचं, शेअर बाजाराचं, सोसायटीच्या निवडणुकीचं. हे ऐकून मी घरी जाते आणि घरी कुणाला काही सांगू शकत नाही, कारण आमच्याकडे पहिल्या दिवसापासून एकच नियम आहे. खुर्चीतलं खुर्चीत! दादरला, फुलबाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना आहे. खुर्ची एकच, नियम एकच आणि डॉक्टरही एकच, ती मी.

मग आज कशी बोलायला बसलेय? तर ज्यांचे हे किस्से आहेत, त्या सगळ्यांना विचारून. एकाने फक्त अट घातली. ‘मॅडम, सांगा बिनधास्त, पण माझं नाव बदला आणि दातही बदला.’ तेव्हा नाव बदललंय. आणि मी जो दात सांगेन तो तो नाही, एवढं लक्षात ठेवा.

* * *

सायली माझ्याकडे असिस्टंट म्हणून आली तेव्हा जेमतेम बाविशीची असेल. काळाचौकीला चाळीत राहणारी. वडील नाहीत, आईचे गुडघे गेलेले, घरी आजी. घर हिच्याच पगारावर. इंटरव्ह्यूमध्ये मी विचारलं, ‘‘आवड कशाची?’’

‘‘रणजय सर,’’ म्हणाली.

मला वाटलं, क्लासचे कोणी सर असतील. मी म्हटलं, ‘‘छान. काय शिकवतात?’’

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की इंटरव्ह्यू माझाच चाललाय असं मला वाटलं. मग कळलं, रणजय हा रात्रीच्या मालिकेतला हिरो. रुंद खांदे, शांत डोळे, आणि हसला की घरोघरच्या बायकांच्या पोळ्या करपतात म्हणे. त्याच्या चाहत्यांचा एक ग्रुप होता, ‘रणजय परिवार’. तो काढला होता दोघींनी. सायलीने आणि प्राजूने. प्राजू म्हणजे प्राजक्ता, सायलीच्या चाळीतली, शेजारच्याच खोलीतली. दोघी बालवाडीपासून एका बाकावर बसलेल्या. आता प्राजू परळच्या एका ऑफिसात रिसेप्शनला होती आणि उरलेल्या वेळात परिवार सांभाळायची.

सायली कामाला वाघ होती. एकदा सांगितलं की पुन्हा सांगायला नको. फक्त तिच्या पोटात काही राहायचं नाही. माझ्या वाढदिवसाला स्टाफने सरप्राइज केक आणायचं ठरवलं, तर कुठला फ्लेवर आणू ते हिने मलाच येऊन विचारलं.

* * *

एकदा गणपतीच्या तोंडावर रणजयने पोस्ट टाकली, की नव्या भूमिकेसाठी साखर बंद. झालं! दुसऱ्या दिवशी अख्ख्या परिवाराची साखर बंद.

आता बघा, मी सायलीला किती दिवस सांगत होते, बाई गं, दाताच्या दवाखान्यात काम करतेस, ती क्रीमची बिस्किटं जरा कमी कर. शिकून-सवरून डॉक्टर झालेली मी, पण माझं ऐकलं नाही. आणि त्याने कुठून तरी एक पोस्ट टाकली, तर चहासुद्धा बिनसाखरेचा. वर मलाच म्हणते, ‘‘मनात आणलं तर काय अवघड आहे, मॅडम?’’

घरी गणपती बसले. आजीने उकडीचे मोदक केले. हिने ताट सरकवलं. आजी मालवणकडची, अजूनही घरात मालवणीच बोलते. ती भडकली.

‘‘तो कोण मेलो तुका मोदक खाव नको म्हणता? तेका हयसर घेवन ये. मी बघतंय.’’

‘‘आजी, त्यांना वेळ नसतो गं.’’

‘‘मगे तू खाल्लंस काय नाय, ता तेका कसा कळतला?’’

तरी सायलीने मोदक खाल्ला नाही. शेजारच्या खोलीत प्राजूनेही नाही खाल्ला. आजी दोन दिवस दोघींशी बोलली नाही.

* * *

विसर्जन झालं आणि लगेच आमच्याकडे एका सुरेश पाटलांची अपॉइंटमेंट लागली. तक्रार, पुढच्या दाताची कॅप तुटली. टोपी, गॉगल, मास्क अशा थाटात एक माणूस आत आला आणि खुर्चीत बसला. सायली त्याच्या गळ्यात रुमाल बांधायला पुढे झाली. एवढ्यात त्याने मास्क काढला.

रणजय!

सायलीने पापणीसुद्धा हलवली नाही. मला कौतुक वाटलं. तिने शांतपणे रुमाल उलगडला, क्लिपा लावल्या आणि तो माझ्या गळ्यात बांधला. मी तोंडावर काही न दाखवता हातमोजे चढवले. पण त्याच्या लक्षात आलंच.

‘‘मॅडम,’’ तो म्हणाला, ‘‘तुमचं पण काही दुखतंय का?’’

तर ते हसणं, ज्याच्यापायी पोळ्या करपायच्या, त्यातला मधला दात त्याचा नव्हता. लहानपणी क्रिकेट खेळताना मुळाजवळ तुटलेला. त्यावरची कॅप आता तुटली होती. मी विचारलं, ‘‘कशाने तुटली?’’

त्याने दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. मग हळूच म्हणाला, ‘‘चिक्की.’’

सायलीच्या हातात सक्शनची नळी होती. ती बराच वेळ नुसतीच हवा ओढत राहिली.

तो गेल्यावर मी तिला समोर बसवलं. म्हटलं, ‘‘सायली, नीट ऐक. हा माणूस इथे आला होता, त्याचा पुढचा दात खोटा आहे आणि तो चिक्की खातो. यातलं एक अक्षर जरी जिन्याखाली गेलं, तरी उद्यापासून येऊ नकोस. परिवारात नाही, घरी नाही, प्राजूजवळ नाही.’’

‘‘प्राजूजवळपण नाही?’’

‘‘नाही.’’

तिचा चेहरा एवढासा झाला. ज्या मुलीला केकचा फ्लेवर लपवता आला नाही, तिला मी हे सांगत होते. खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात नवीन असिस्टंट शोधायला लागले होते.

‘‘आणि ती तुमची साखरबंदी?’’ मी विचारलं. ‘‘ती तरी सोड आता.’’

ती म्हणाली, ‘‘चालूच ठेवते, मॅडम. त्यांना नाही जमलं, तर आमच्यातल्या कुणाला तरी जमायला हवं ना.’’

* * *

नवी कॅप करायची म्हणजे आधी दातांचं माप घेतात आणि त्यावरून प्लास्टरचं मॉडेल बनवतात. तोंडात जसे दात, तसेच्या तसे प्लास्टरमध्ये. काम झालं की ते मॉडेल आम्ही फेकून देतो.

रणजयचं काम झालं. त्यानंतर काही दिवसांनी नायगावचे सुरेश पाटील कवळीच्या फिटिंगसाठी आले. हे खरोखरचे सुरेश पाटील, बँकेतून रिटायर झालेले, सत्तरीचे गृहस्थ. त्यांचं मॉडेल काही सापडेना. सगळे खण पालथे घातले. शेवटी सायली माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘‘मॅडम, जेवायच्या सुट्टीत आणून देते.’’

‘‘कुठून?’’

‘‘घरून.’’

आणलं. स्वच्छ लाल कापडात गुंडाळलेलं होतं. उघडून बघते, तर पाटील काकांच्या पुढच्या दातांवर हळदकुंकू.

प्रकार असा झाला होता. मॉडेलच्या खोक्यावर ‘सुरेश पाटील’ हे नाव बघून, ते रणजयचंच समजून बाईसाहेबांनी फेकायच्या आधी उचललं, घरी नेलं आणि देव्हाऱ्याच्या कडेला ठेवलं. आजीने विचारलं, ‘‘गो, ही दातां कोणाची? देवाकडे कित्याक ठेवलंस?’’ आता आजीला तरी काय सांगणार? सायली म्हणाली, ‘‘एक पेशंट आहेत. फार त्रास आहे त्यांना.’’ आजी हळवी. ती रोज देवाबरोबर त्या दातांचीही पूजा करायला लागली.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, ‘‘अगं, यात दोन्हीकडच्या दाढा नाहीत. इतके दिवस माझ्या हाताखाली काम करतेस, तुला शंका नाही आली?’’

‘‘आली होती,’’ ती खाली बघत म्हणाली. ‘‘पण वाटलं, स्ट्रगलच्या दिवसांत सरांना दातांकडे बघायला जमलं नसेल. मला इतकं वाईट वाटलं, मॅडम. मग मी फूलपण वाहायला लागले.’’

हसू दाबून मी तिला झापलं. प्लास्टरमधला पेशंट हाही पेशंटच, तो जिना उतरता कामा नये, आणि आता ही शेवटची वॉर्निंग. ती रडली, आणि हळदकुंकू ब्रशने घासून काढलं.

पाटील काकांची कवळी मात्र पहिल्याच फिटिंगला अशी चपखल बसली, की काका तिथल्या तिथे सफरचंद मागायला लागले. एरवी दोन-तीन चकरा ठरलेल्या असतात. माझ्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये असं फारसं झालेलं नाही.

* * *

पुढचा किस्सा हसण्यासारखा नाही, पण तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दुसऱ्या एका मालिकेतल्या हिरोच्या चाहत्यांनी रणजयचा एक फोटो मोठा करून सगळीकडे फिरवला. खाली लिहिलं, ‘बघा, पुढचा दात नकली.’ दोन दिवस नुसता गदारोळ. परिवार पेटून उठला. आणि सगळ्यांना आठवलं, अरे, आपली सायली दातांच्याच दवाखान्यात आहे की!

प्राजूने ग्रुपवर जाहीर केलं, ‘सायली एक व्हॉइस नोट टाकेल. एक्स्पर्ट म्हणून. सायली, दात खरा आहे, एवढंच बोल. तोंडं बंद होतील सगळ्यांची.’

सायलीने लिहिलं, ‘मला माहीत नाही.’

सगळ्यांना वाटलं, चुकून टाइप झालं. प्राजूने फोन केला, मग गॅलरीत आली, मग हात जोडले. ‘‘अगं, तुला काय जातंय बोलायला? आपल्या माणसासाठी एवढं नाही करणार?’’ ही आपली एकच, मला माहीत नाही. शेवटी प्राजू भडकली. आपला माणूस अडचणीत असताना जी तोंड फिरवते, ती परिवारातली नाही, असं लिहून तिने सायलीला ग्रुपमधून काढून टाकलं. जो ग्रुप हिने काढला होता, त्यातून! इतकंच नाही, बोलणं बंद केलं. एका गॅलरीत समोरासमोर कपडे वाळत घालायच्या, पण एकमेकींकडे बघायच्या नाहीत.

मला हे कळलं कसं, तर सायली अवजारं उकळायच्या खोलीत उभी राहून रडत होती. मी म्हटलं, ‘‘वेडी आहेस का? खरा आहे म्हणून टाकायचंस. कोण तपासायला येणार होतं?’’

‘‘बाकीच्यांना चाललं असतं,’’ ती म्हणाली. ‘‘प्राजूला माझं खोटं लगेच कळतं. आणि खरं तुम्ही सांगू देत नाही.’’

‘‘मग तिला एवढं तरी सांग, की मॅडमनी बोलायला मनाई केलीय.’’

‘‘तसं म्हटलं की तिला सगळंच कळेल ना.’’

बरोबर होतं तिचं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, ‘‘चल, चहा घेऊ.’’ चहा तिने तसाच ठेवला.

* * *

रणजय येतच राहिला. पुढच्या दाताच्या निमित्ताने त्याच्या दाढांचीही कामं निघाली. मालिकेत हा माणूस गुंडांना उचलून आपटतो, पण सुई दिसली की घट्ट डोळे मिटून घेतो. मग सायली त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहायची. आधी आधी तीही डोळे मिटून घ्यायची. नंतर सवय झाली. तो तिच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचा, ती त्याला मऊ ब्रश वापरायला सांगायची. आणि घरी जाऊन यातलं एक अवाक्षर नाही.

त्या फोटोच्या भानगडीनंतर आला, तेव्हा तो खुर्चीत बसूनही फोन सोडेना. इंजेक्शन चढेपर्यंत कमेंट वाचत होता. सायली बघत होती.

‘‘सर, हे तुम्ही रोज वाचता?’’

‘‘रोज. उठल्या उठल्या.’’

‘‘मग बरं वाटतं?’’

‘‘नाही,’’ तो म्हणाला.

‘‘मग द्या इकडे.’’ तिने फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि हातमोज्यांच्या खणात टाकला. ‘‘काम झालं की देते.’’

दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर त्याने हात धरला असता. पण लहान मुलासारखं तिचं ऐकलं. मग म्हणाला, ‘‘तू नाही का वाचत असलं काही? तुझ्या वयाची सगळीच वाचतात.’’

‘‘वाचायचे. लिहायचे पण.’’

‘‘आता?’’

‘‘आता बंद.’’

‘‘का गं?’’

सायलीने माझ्याकडे पाहिलं. मी ड्रिल हातात घेतलं होतं. तिने सांगितलं असतं, तुमच्या दातापायी माझी मैत्रीण तुटली, तर मी तिला अडवलं नसतं. ते खुर्चीतलं खुर्चीतच राहिलं असतं.

‘‘असंच, सर,’’ ती म्हणाली. ‘‘तोंड मोठं उघडा.’’

मला भरून आलं. आणि ड्रिल करताना भरून येऊन चालत नाही, म्हणून मी उगाचच सायलीवर खेकसले, की लाइट नीट धर.

* * *

आता शेवटचा.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. दुपारी प्राजू दवाखान्यात आली. अक्कलदाढ. गाल फुगून बटाट्यासारखा झालेला, डोळ्यांतून पाणी. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेली असती, पण दुखणं इतकं वाढलं होतं, की शेवटी ओळखीचा म्हणून आमचाच जिना तिने चढला. सायलीला म्हणाली, ‘‘डॉक्टर आहेत का?’’ जणू आयुष्यात पहिल्यांदा बघतेय. सायलीनेही सांगितलं, ‘‘आहेत. बसा.’’ बालवाडीपासूनच्या मैत्रिणी, आणि बसा!

दाढ काढावीच लागणार होती. इंजेक्शन दिलं, अर्धा चेहरा बधिर झाला. दोघी अजून एकमेकींकडे बघत नव्हत्या. मी पक्कड लावली आणि जोर दिला. तेव्हा प्राजूने डोळे मिटून हात बाहेर काढला आणि जो हात सापडला तो घट्ट धरला. तो सायलीचाच होता. सायलीने सोडवला नाही. दाढ निघाली, मी कापूस ठेवला, तरी धरलेलाच होता.

आणि दार उघडलं.

रणजयची वेळ संध्याकाळची होती. पण सेटवर कॅप निघाली, म्हणून शूटिंग थांबवून तो तडक आला होता. बाहेर रिसेप्शनला कोणी नव्हतं, त्यामुळे सरळ आत. मास्क खाली, कॅप हाताच्या तळव्यावर, आणि समोर एक दात नाही.

‘‘मॅडम, सॉरी, हे बघा ना काय झालं,’’ तो म्हणाला. मग सायलीकडे वळून, ‘‘आईला आता जिना चढता येतो का गं? मी पाठवलेलं तेल लावतात ना?’’

‘‘हो, सर. फरक आहे,’’ सायली म्हणाली.

प्राजू खुर्चीत आडवी. तोंडात कापूस, अर्धे ओठ बधिर, हनुवटीवर लाळ. उन्हातान्हात ज्याच्या गाडीमागे ही मुलगी धावली होती, ज्याचा एक फोटो मिळावा म्हणून गेटबाहेर उभी राहिली होती, तो दोन हातांच्या अंतरावर उभा. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या दाताच्या जागी पाहिलं. त्याच्या हातातल्या कॅपकडे पाहिलं. आणि मग मान वळवून सायलीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

‘‘दुखतंय का?’’ मी विचारलं.

तिने मानेनेच नाही म्हटलं. सायलीचा हात तिने आता दोन्ही हातांनी धरला होता. सायलीने दुसऱ्या हाताने तिची हनुवटी पुसली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

रणजयला वाटलं, आपल्याला बघून रडतेय. त्याला सवय होती. तो मोठ्या मनाने म्हणाला, ‘‘अरे, रडू नकोस. फोटो हवाय का? माझा दात बसू दे, मग तुझ्याबरोबर एक झकास फोटो काढतो. तुझ्या ग्रुपवर टाक.’’

प्राजूने त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको.

त्याला कळेना. बहुधा असं ‘नको’ त्याने पहिल्यांदाच बघितलं असावं. तो जरा हिरमुसला आणि सायलीला हळूच म्हणाला, ‘‘माझी फॅन नाही वाटतं ही?’’

‘‘नाही, सर,’’ सायली म्हणाली. ‘‘माझी मैत्रीण आहे.’’